मेरेडिथ गेला, चर्क राहिलं

मंडळी, 'वेल्स' आणि 'फुटबॉल' हे दोन शब्द पत्रिकेवर शेजारी-शेजारी दिसले म्हणून तुमच्यातले निम्मे रेक्समची गोष्ट ऐकायला आलेत, हे मला ठाऊक आहे. हॉलिवूडच्या दोन नटांनी २०२१ मध्ये तो क्लब विकत घेतला आणि तेव्हापासून वेल्सचं नाव काढलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ती गोष्ट आज मिळणार नाही. (हशा) आपल्याला जायचंय रेक्समच्या दक्षिणेला, पंधरा-सोळा किलोमीटरवर, चर्क नावाच्या गावात. गाव हद्दीवरचं. केरियॉग नदी ओलांडली की श्रॉपशर, म्हणजे इंग्लंड. पर्यटक येतात ते १८०१ चा जलसेतू आणि जुना किल्ला बघायला. फुटबॉलचं मैदान बघायला कोणी थांबत नाही, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

चर्कचा क्लब १८७६ चा. वेल्सची फुटबॉल संघटना त्याच वर्षीची, आणि वेल्सचा पहिला आंतरराष्ट्रीय सामनाही. तो ग्लासगोत ४-० असा हरले, पण आपण तपशिलात शिरायला नको. क्लबचं नाव 'चर्क एएए', यातला पहिला ए 'अ‍ॅमॅच्युअर'चा, म्हणजे हौशी. आणि या हौशी मंडळींनी वेल्श कप, म्हणजे वेल्सची क्लबांसाठीची कप स्पर्धा, जिंकला १८८७, १८८८, १८९०, १८९२ आणि १८९४ साली. आठ हंगामांत पाच वेळा! बहुतेक सगळे खाणकामगार, आसपासच्या कोळशाच्या खाणींत राबणारे. कप मिरवून झाला की पुन्हा पाळीवर हजर.

हे घडलं कसं, हा आजचा विषय. त्याआधी मेरेडिथबद्दल दोन मिनिटं. (मागून: "दहा!") बरं, दहा.

बिली मेरेडिथ. जन्म १८७४, ब्लॅक पार्कचा, म्हणजे चर्कला लागूनच. बाराव्या वर्षी खाणीत. तिथे कोळशाच्या गाड्या ओढणारी तट्टं हाकायचा. उजव्या बगलेवर खेळायचा आणि तोंडात कायम दात कोरायची काडी. खाणीत तंबाखू चघळायची सवय होती, तिच्या जागी काडी आली म्हणतात. आता १८९४ मध्ये मँचेस्टर सिटीची माणसं त्याला न्यायला चर्कमध्ये आली. पुढचं मी आख्यायिका म्हणूनच सांगतो, पण आवडीने सांगतो. आपला पोरगा पळवायला शहरातले लोक आलेत, ही बातमी गावभर झाली. खाणकामगारांनी पाहुण्यांपैकी एकाला धरलं आणि सरळ तळ्यात फेकलं. मग ओल्या कपड्यांतल्या त्या गृहस्थाने पबमध्ये सगळ्यांना बिअर पाजली, तेव्हा कुठे बोलणी पुढे सरकली. खेळाडूच्या बदलीची फी अशीही देता येते! (हशा) घरचीही नाराजी होतीच. आईला हा धंदा पसंत नव्हता. हातची खाणीतली नोकरी सोडून चेंडूमागे धावायचे पैसे घ्यायचे, हे त्या घराला रुचणारं नव्हतं. मग बिलीने मधला मार्ग काढला: सुरुवातीचे काही महिने आठवडाभर खाणीत आणि शनिवारी सिटीकडून सामना. पहिला सामना न्यूकॅसलमध्ये, ५-४ ने हरले. दुसरा न्यूटन हीथशी, म्हणजे पुढे ज्याचं मँचेस्टर युनायटेड झालं त्या क्लबशी. तोही हरले, पण दोन्ही गोल याचेच.

पुढचं आयुष्य म्हणजे स्वतंत्र व्याख्यानमाला. १९०४ ला इंग्लंडच्या एफए कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल. मग प्रतिस्पर्ध्याला दहा पौंडांची लाच देऊ केल्याचा आरोप, बंदी, आणि त्यानंतर थेट युनायटेडकडे. तेव्हा फुटबॉलपटूला आठवड्याला चार पौंडांहून जास्त पगार द्यायला मनाई होती, प्रेक्षक कितीही येवोत. त्याविरुद्ध १९०७ मध्ये खेळाडूंची युनियन उभी राहिली, तिच्यात हा पुढे. खाणीतून आलेल्या माणसाला युनियन म्हणजे काय, हे शिकवावं लागलं नाही. आणि १९२० मध्ये, पंचेचाळीसाव्या वर्षी, लंडनला वेल्सने इंग्लंडला २-१ ने हरवलं तेव्हाही तो मैदानावर होता.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. पाच मिनिटं? ठीक आहे, आता मुद्दा.

चर्कचा इतिहास मेरेडिथची प्रस्तावना म्हणून सांगितला जातो, हे मला मान्य नाही. १८८५ मध्ये इंग्लंडने पैसे घेऊन खेळणं अधिकृत केलं. त्यानंतर पैसेवाले क्लब हद्दीवरची पोरं उचलू लागले. मग गाव रिकामं व्हायला हवं होतं, पण पाचही कप आले ते १८८५ नंतर! कारण गावात टी. ई. थॉमस नावाचे शाळामास्तर होते. ते शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवायचे आणि त्यांच्या हाताखालून वेल्सच्या संघात गेलेल्यांची रांगच आहे. एक गेला की मागे दुसरा तयार. शाळा पोरं घडवायची, खाण त्यांना गावात धरून ठेवायची, एकाच गल्लीत राहून एकाच पाळीला जाणारे एकत्र खेळायचे. मेरेडिथ हे या व्यवस्थेचं फळ. झाडाचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही.

दुसरं, घाईत सांगतो. कप थांबले, क्लब थांबला नाही. ब्लॅक पार्कची खाण १९४९ मध्ये बंद झाली, हद्दीपलीकडची इफ्टन १९६८ मध्ये. गावात कॅडबरीचा कारखाना आला, कामाच्या पाळ्या बदलल्या. क्लब खालच्या स्थानिक लीगांमध्ये खेळत राहिला. उलट वेल्सचाच बँगर सिटी क्लब बघा. १९६२ मध्ये युरोपच्या स्पर्धेत घरच्या मैदानावर नापोलीला २-० ने हरवणारा क्लब, पण पैशांच्या घोळात अडकून २०२२ मध्ये लीगबाहेर गेला. चर्ककडे बुडवण्याइतका पैसा कधी नव्हताच. नावातला तो पहिला ए मला त्याच्या टिकण्याचं कारण वाटतो, पण त्यासाठी एकेका दशकाचा हिशेब मांडायला हवा आणि ते टिपण माझ्या खिशातच राहिलं.

अध्यक्ष उभे राहिले. प्रश्न घेऊ या, आणि लाचेच्या प्रकरणाबद्दल कोणाला विचारायचं असेल तर आधी हात वर करा, त्यावर मला बरंच बोलायचंय.