दहा महिन्यांनंतरचे नाक

(इंदूर येथील एका मराठी व्याख्यानमालेत तोंड व जबड्याच्या शल्यचिकित्सकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि सुहृदांनो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘तोंड व चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेतील संशोधन’ असा विषय छापला आहे. हे संशोधन कसे होते, त्यामुळे रुग्णाच्या पदरात काय पडले आणि आपल्या इंदुरात ते कसे वाढवता येईल, या तिन्ही गोष्टी मी सांगणार आहे. त्याआधी मात्र एक जुनी हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ती पुण्याची आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांना ती अर्धीमुर्धी ठाऊक असेल.

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र आणि एक चित्र प्रसिद्ध झाले. चित्र होते एका मराठा शेतकरी जातीच्या माणसाचे. इंग्रजी अक्षरांत त्याचे नाव कावसजी असे उतरले आहे. तो इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकत असे. टिपू सुलतानाच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला आणि मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. पत्रात त्या माणसाची जात विटा पाडणाऱ्यांची म्हणून नोंदली आहे, म्हणून आपण त्याला कुंभार म्हणतो. त्याचे नाव मात्र पत्रलेखकाने लिहिले नाही. ज्याच्या हाताने युरोपातील प्लास्टिक सर्जरीला नवी दिशा दिली त्या मराठी माणसाचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही, ही खंत मी गेली कित्येक वर्षे बाळगून आहे.

त्या पत्रातील वर्णन आजच्या विद्यार्थ्यानेही शब्दन् शब्द वाचावे असे आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घडवायचा, मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्याभोवती रेघ ओढायची आणि रेघेच्या आतली कातडी सोडवायची. पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची, कारण तिच्यातूनच रक्त पुढे जाते. मग ती कातडी फिरवून खाली आणायची आणि खुंटाला पाडलेल्या खाचेत बसवायची. सांधा धरून ठेवण्यासाठी टाक्यांऐवजी पाण्यात कालवलेला काथ फडक्याच्या पट्ट्यांना लावून एकावर एक पाच-सहा पट्ट्या ठेवायच्या. चार दिवस त्याला हात लावायचा नाही आणि नंतर तुपात भिजवलेली फडकी ठेवायची. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे झोपवायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापायची. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी या वृत्तान्ताच्या आधारे प्रेतांवर सराव केला, १८१४ साली जिवंत रुग्णावर हीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. कपाळाच्या कातडीचे नाक आजही आम्ही याच तत्त्वावर करतो.

आता मला या पत्रातील दोन बारीक गोष्टींकडे आपले लक्ष वेधायचे आहे. पहिली अशी की कावसजीचे चित्र शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढलेले आहे. ज्या दिवशी पट्टी कापली त्या दिवशीचे ते नाही, आणि म्हणूनच ते विश्वासार्ह आहे. आमच्या परिषदांत शस्त्रक्रियेच्या टेबलावरची किंवा फार तर आठवड्याभरानंतरची छायाचित्रे दाखवली जातात. जखम अजून भरायची असते, वण अजून आकसायचा असतो आणि तरीही सभागृहात टाळ्या पडतात. दुसरी गोष्ट अशी की पत्रलेखक म्हणतो, ही शस्त्रक्रिया बहुतकरून यशस्वी होते. ‘बहुतकरून’ म्हणजे शंभरात किती, हे तो सांगत नाही. किती नाके काळी पडून गळाली आणि ती माणसे पुन्हा त्या कुंभाराच्या दारी आली की तोंड झाकून घरी बसली, याचा पत्ता नाही. माझ्या विद्येतील सगळे खरे संशोधन म्हणजे या ‘बहुतकरून’च्या जागी आकडा ठेवण्याचा प्रयत्न आहे, आणि तो आकडा न आलेल्या माणसांना मोजल्यावाचून खरा होत नाही. आज मला एवढेच सांगायचे आहे. बाकी सगळे त्याच्या आधाराला येईल.

काथाचा उल्लेख आला, म्हणून पानाकडे वळतो. आपण सर्वांनी डाव्या हाताची तीन बोटे एकमेकांना चिकटवून, एकाखाली एक अशी उभी धरून, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घालून पाहावीत. संकोच करू नका, सगळेच करत आहेत. व्याख्यानाला आलेले इतके श्रोते एकाच वेळी इतके शांत मी प्रथमच पाहतो आहे. ज्यांची तीन बोटे सहज गेली त्यांचे तोंड साधारण पस्तीस मिलिमीटरच्या पुढे उघडते, म्हणजे ठीक आहे. ज्यांची दोनच गेली त्यांनी मला नंतर भेटावे.

सबम्यूकस फायब्रोसिस या रोगात गालाच्या आतले मऊ अस्तर हळूहळू ताठ, पांढुरके आणि दोरीसारखे होते. आपल्या शहरात त्याची पहिली तक्रार बहुधा सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत ध्यानात येते: मित्रांबरोबर भुट्ट्याचा कीस किंवा गराडू खाताना तोंडाची आग होते, आणि माणूस मसाल्याला दोष देतो. १९५२ साली पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांत हा रोग प्रथम वर्णिला गेला, आणि १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्याकडचे रुग्ण नोंदवून त्याला आज रूढ असलेले नाव दिले. याचे कारण सुपारी आहे. सुपारीतील अरेकोलिन नावाचे रसायन आणि तांबे यांमुळे अस्तराखालचे तंतू वाढत जातात आणि नेहमीसारखे विरघळत नाहीत. आपल्याकडे लग्न ठरले की सुपारी फुटते, पूजेला गणपतीच्या जागी सुपारी मांडतात, जेवणानंतर अडकित्ता फिरतो. तंबाखू नसली म्हणजे सुपारी निरुपद्रवी, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली केवळ सुपारीलाही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकले. पूजेतल्या सुपारीबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. ती गालात जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात माझा प्रबंध याच रोगाच्या शस्त्रक्रियेवर होता. गालातले ताठ पट्टे कापायचे, तोंड उघडून घ्यायचे आणि उघड्या जागेवर गालातली चरबी किंवा नाकाशेजारची कातडी बसवायची. त्यानंतर रुग्णाने निदान सहा महिने रोज तोंड उघडण्याचा व्यायाम करायचा. त्यासाठी आम्ही दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत घालायला सांगतो आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायला लावतो. व्यायाम थांबला की जखम आकसते आणि सगळे केलेले वाया जाते. माझ्या प्रबंधात सहा महिन्यांनी जे रुग्ण आले त्यांचे निकाल उत्तम होते. जे आले नाहीत त्यांच्याविषयी मी माझ्या मार्गदर्शकांना विचारले, तेव्हा ‘संपर्कात नाहीत’ असे लिहून त्यांना हिशेबातून वगळावे असे मला सांगण्यात आले. मी तसे केले. प्रबंध मंजूर झाला आणि त्यातून एक शोधनिबंधही निघाला.

त्यानंतर काही वर्षांनी एका पहाटे मी सरवटे बसस्थानकावर उभा होतो. चहाच्या टपरीवर एक माणूस पाव चहात बुडवून, पार लगदा करून, बोटाने दातांच्या फटीतून आत ढकलत होता. त्याने मला ओळखले. मी त्याला ओळखले ते नाकाशेजारच्या वणावरून, कारण तो वण माझ्याच हातचा होता. निमाडातला ट्रकचालक. त्याचे तोंड एक बोटसुद्धा उघडत नव्हते. तो परत का आला नाही, हे त्याने मला सरळ सांगितले: इंदूरला यायचे म्हणजे भाडे आणि एका दिवसाची मजुरी दोन्ही जाणार, काड्या घालताना डोळ्यांतून पाणी येई, आणि रात्री गाडी हाकताना झोप येऊ नये म्हणून त्याने पुन्हा सुपारी धरली होती. मग डॉक्टर रागावतील म्हणून तो आलाच नाही. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, ओशाळेपणा होता, आणि तो माझ्या जिव्हारी लागला. माझ्या निबंधात त्याचा पर्चा ‘संपर्कात नाही’ या शब्दांखाली गाडला गेला होता, आणि त्या निबंधाच्या भरवशावर दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या कोणाचे तरी गाल कापले असतील.

काही रुग्ण बरे झाले म्हणूनही येत नाहीत, हे मला मान्य आहे. पण कोण कशासाठी आला नाही हे घरी जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. हे अशक्य आहे, असे मला तरुण सहकारी सांगतात, तेव्हा मी त्यांना केरळकडे पाहायला सांगतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी एर्नाकुलम जिल्ह्यात घरोघरी जाऊन या रोगाच्या ६६ रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले, आणि त्यांतल्या पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, कर्करोग झाल्याचे १९८५ साली प्रसिद्ध केले. आज जगभरची पाठ्यपुस्तके जो आकडा देतात तो मोठ्या यंत्रांतून निघालेला नाही. तो मोबाइल नसलेल्या काळात पायी हिंडून मिळवलेला आहे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत, तेव्हा उरलेले भराभर सांगतो.

तोंडाच्या कर्करोगात मानेत गाठ हाताला लागत नसताना मानेतील लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) आधीच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा वाद दशकानुदशके चालला आणि दोन्ही बाजूंचे थोर सर्जन आपापल्या अनुभवाची ग्वाही देत राहिले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांना निवड न करता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गटांत विभागले. पहिल्या ५०० रुग्णांच्या हिशेबात तीन वर्षांनंतर, आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के आणि थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के जिवंत होते. म्हणजे दर आठ रुग्णांमागे एक जीव. २०१५ साली हे प्रसिद्ध झाले आणि वाद बहुतांशी मिटला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ साली दिसले की तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले. उलट, अमेरिकेत १९८० च्या दशकात जबड्याच्या सांध्यात टेफ्लॉनचे कृत्रिम भाग पुरेशा चाचणीविना हजारो रुग्णांना बसवले गेले. सुरुवातीचे निकाल चांगले वाटले. पुढे त्यांचे कण सुटून शेजारचे हाड झिजू लागले आणि ते परत घ्यावे लागले. त्या रुग्णांना दहा महिन्यांनी नव्हे, पाच वर्षांनी पाहायला हवे होते.

इंदुरात ट्रायल हा शब्द उच्चारला की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या रास्त आहेत. आपल्या शहरातील, रुग्णांना नीट न सांगता केल्याचा आरोप असलेल्या, औषधचाचण्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१३ साली रुग्णाची संमती ध्वनिचित्रमुद्रित करण्याचे बंधन आले; पुढे ते काही प्रकारच्या चाचण्यांपुरतेच राहिले. मी त्या बंधनाच्या बाजूचा आहे. ज्या रुग्णाला आपण कशात सामील होतो आहोत हे त्याच्या भाषेत, माळवीत किंवा निमाडीत, नीट कळले आहे, तोच रुग्ण सहा महिन्यांनी परत येतो. ज्याच्या अंगठ्याचा नुसता ठसा घेतला, तो येत नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. शहरातील तोंड व जबड्याच्या सर्व शल्यचिकित्सकांनी या एका रोगासाठी सामाईक नोंदवही ठेवावी. शस्त्रक्रियेच्या दिवशीच रुग्णाबरोबर शेजाऱ्याचा किंवा गावच्या किराणा दुकानदाराचा दूरध्वनी क्रमांक रुग्णाच्या परवानगीने लिहून घ्यावा. परतीच्या भाड्याचे पैसे अभ्यासाच्या खर्चात धरावेत. तोंड किती मिलिमीटर उघडते याच्या बरोबरीने त्याला पोळी चावता येते का, हेही लिहावे. दोन वर्षे झाल्याशिवाय निकाल छापू नये, आणि छापताना न आलेल्यांची संख्या शीर्षकाखालीच द्यावी. रागावायचे तर अजिबात नाही; पुन्हा सुपारी धरलेल्या रुग्णाचे सर्वांत आधी स्वागत करावे, कारण आपल्याला हवी असलेली माहिती त्याच्याचजवळ आहे.

दाराशी कागदी मोजपट्ट्या ठेवल्या आहेत. प्रत्येकाने दोन घ्याव्यात. एक घरच्यांसाठी आणि एक आपल्या घरी काम करणाऱ्या ताईंसाठी, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या भाऊंसाठी. ज्याचे तोंड पट्टीवरच्या लाल रेघेपर्यंत उघडत नाही त्याला माझ्याकडे पाठवा, आणि तो आला नाही तर मला कळवा; मी जाईन.