लाकूड नसलेला लकडी पूल

पुण्यात डेक्कनवरच्या खंडोजीबाबा चौकातून निघून अलका टॉकीजपाशी, म्हणजे टिळक चौकात, उतरणारा हा पूल चालत ओलांडायला पाच मिनिटेही लागत नाहीत. त्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल. रिक्षावाल्याला मात्र ‘लकडी पूल’ असेच सांगावे लागते. प्रत्यक्षात येथे लाकडाची एक फळीही नाही.

लाकूड होते ते पेशवाईत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला, आणि परतणाऱ्या सैनिकांना लोकांच्या नजरा चुकवून शहरात शिरता यावे म्हणून नानासाहेब पेशव्यांनी मुठा नदीवर घाईघाईने लाकडी पूल बांधवला, अशी कथा पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. उघड्या पुलावरून येणारा माणूस नजरा कशा चुकवणार, हे कथा सांगणाऱ्याला सहसा कोणी विचारत नाही. नानासाहेब त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर वारले. पुढे इंग्रजी अमदानीत लाकडाच्या जागी दगडी बांधकाम आले, तरी लोकांच्या तोंडचे नाव तेच राहिले.

पेठा संपल्या की शहर संपत असे. १८८५ मध्ये स्थापन झालेले फर्ग्युसन कॉलेज नंतर नदीपलीकडे गेले, १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना सुरू झाला आणि पलीकडच्या माळावर बंगले उभे राहू लागले. त्या वस्तीतली माणसे पूल ओलांडून पेठांत खरेदीला निघाली की ‘गावात जाऊन येतो’ असे म्हणत. जुनी मंडळी अजूनही म्हणतात.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा काही तास हे दोन्ही काठ एकमेकांपासून तुटले, कारण पुराचे पाणी पुलावरून वाहत होते.

अनंत चतुर्दशीला पूल पाहावा. लक्ष्मी रस्त्याने रात्रभर सरकत आलेले गणपतींचे रथ टिळक चौकातून पुलाकडे वळतात; रथावर चढलेला कार्यकर्ता हातातल्या बांबूने आडव्या आलेल्या तारा वर उचलून धरतो, आणि कळस त्यांखालून सुटला की ढोल पुन्हा सुरू होतात. मेट्रोचा मार्ग मात्र बांबूने उचलता येत नाही. म्हणूनच २०२१ मध्ये येथील मेट्रोच्या कामाला काही मंडळांनी हरकत घेतली होती. १ ऑगस्ट २०२३ पासून या मार्गावर मेट्रो धावते, आणि कळस खाली घेण्याची सोय उंच रथ बांधतानाच करून ठेवावी लागते.