ज्युरीतल्या माणसावर हरकत

श्रोतेहो, नमस्कार. १९०८ साली मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. लेख मराठीतले, आणि ज्युरीत, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात, ७ युरोपियन व २ पारशी. निकाल ७ विरुद्ध २ मतांनी लागला. आपल्याकडची ज्युरी गेली. अमेरिकेत ती आजही आहे, आणि तिथं नागरिक झालेल्या मराठी माणसालाही तिचं बोलावणं येतं.

खटल्याआधी वकील बोलावलेल्या नागरिकांना प्रश्न विचारतो, आणि नको त्याला ज्युरीतून वगळायला त्याच्या हाती दोन प्रकारच्या हरकती असतात. सकारण हरकत, म्हणजे हा माणूस निःपक्षपाती राहणार नाही अशी, कितीही जणांवर घेता येते, पण ती न्यायाधीशाला पटावी लागते. विनाकारण हरकतीला कारण द्यावं लागत नाही, पण त्या मोजक्याच. केंद्रीय कोर्टातल्या गंभीर गुन्ह्यात आरोपीला १०, सरकारला ६; देहदंडाच्या खटल्यात दोघांना २०-२०.

नवखा वकील विचारतो, “तुम्ही निःपक्षपाती राहाल ना?” चारचौघांत नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा विचारावं, “पोलिसाच्या साक्षीवर तुमचा इतरांपेक्षा जास्त विश्वास बसतो का? का बसतो?” आणि गप्प राहावं. उत्तर कितीही बोचलं तरी वाद घालू नये. वाद घातला की बाकीचेही मनातलं बोलायचे थांबतात. मग “हो, बसतो” म्हणणाऱ्याकडून त्याच्याच शब्दांत तीन गोष्टी वदवून घ्याव्यात: हे मत जुनं आहे, पक्कं आहे, आणि न्यायाधीशांनी सांगितलं तरी ते बाजूला ठेवणं जमणार नाही. तिसरी राहिली, की न्यायाधीश विचारतात, “कायद्याप्रमाणे वागाल ना?” तो “हो” म्हणतो, आणि हरकत बहुधा तिथंच पडते.

हरकत त्या माणसाच्या कानावर जाऊ देऊ नये. ती फेटाळली गेली, तर दुखावलेला तोच माणूस निकाल द्यायला बसतो. फेटाळल्यावर अनेक राज्यांत विनाकारण हरकत त्याच्यावर खर्चावी लागते, उरलेल्याही संपवाव्या लागतात, जादा मागावी लागते आणि आता कोणता नकोसा माणूस ज्युरीत बसतोय ते नोंदवावं लागतं. यातलं काही राहिलं, तर अपिलात हा मुद्दा टिकत नाही.

विनाकारण हरकतीलाही मर्यादा आहे. वंशावरून कुणाला वगळणं अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या १९८६च्या बॅट्सन निकालानं बंद केलं, स्त्री-पुरुष भेदावरून वगळणं १९९४मध्ये. तरी फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय आरोपीवर ६ वेळा चाललेल्या खुनाच्या खटल्यात सरकारी वकिलानं ४२पैकी ४१ कृष्णवर्णीय वगळले होते. २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली. ॲरिझोनानं तर २०२२पासून विनाकारण हरकतच काढून टाकली, आणि मला ते योग्य वाटतं. इतरत्र वंशावरून वगळल्याचा आक्षेप घेतल्यावर समोरच्या वकिलानं वगळण्याचं कारण दिलं, की लगेच टिपणं चाळावीत: अगदी तेच उत्तर देणारा गोरा माणूस त्यानं ठेवून घेतलाय का? सापडला, तर दोघांची उत्तरं शेजारी शेजारी कोर्टात वाचून दाखवावीत.