गायिका, तिची पट्टी आणि तिचे साथीदार

पत्रिकेवर विषय छापलाय ‘जॅझ गायिका : कारकीर्द आणि मैफल’. कारकिर्दीकडे मी येणार आहे, शपथेवर सांगतो. पण आधी एक तक्रार मांडू द्या, नाहीतर पुढचं काही नीट लागायचं नाही.

जॅझ गायिकेबद्दल बोलायची वेळ आली की आपण तिच्या गळ्याबद्दल बोलतो. बिली हॉलिडेचा गळा दुःखाचा, एला फिट्झजेराल्डचा आनंदाचा, सारा वॉनचा मखमली. मग नवरे, दारू, पोलीस. मागे पियानोवर कोण होतं, गाणं कुठल्या पट्टीत होतं, लय कुणी दिली, शेवट कसा ठरला, याबद्दल चकार शब्द नाही. तेच सॅक्सोफोनवाल्या बुवांबद्दल लिहिताना रीड कुठली, कॉर्ड (म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) कुठली, सगळं साग्रसंगीत येतं. बाईला गळा देवाने दिला आणि बुवांनी रियाज केला, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. (हशा) हसू नका, आपल्याकडच्या संगीत समीक्षेतही हे आहे. माझं म्हणणं असं की जॅझ गायिका गाता गाता तीन-चार वादकांचा संच चालवत असते, आणि तो संच जिच्या हातात राहिला तिचं गाणं टिकलं.

पट्टीपासून सुरू करू. या सभागृहात निम्म्या लोकांनी पेटी हाताळलेली असणार, त्यामुळे फार समजवावं लागणार नाही. आपल्या गायिकांचा सा साधारण काळी चारवर, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर, नाहीतर पांढरी पाचवर, गायकांचा काळी एक, पांढरी दोनवर. बाईंसाठी तंबोरे वेगळे लावले, तबला बदलला, काम झालं. जॅझमध्ये तंबोरा नाही. तिथे गाण्याखाली कॉर्डची मालिका सरकत असते. पट्टी बदलली की ती सगळी मालिका बदलते आणि वादकाची बोटं नव्या जागी जातात. वादकांच्या पुस्तकांत गाणी छापलेली असतात ती बहुधा वाद्यांच्या सोयीच्या पट्टीत. पुस्तकात सी, म्हणजे पांढरी एकमध्ये असलेलं गाणं बायका बरेचदा एफ किंवा जीमध्ये, म्हणजे पांढरी चार किंवा पाचमध्ये गातात.

आता समजा गायिकेने ए मागितली, पांढरी सहा. सॅक्सोफोन हे वाद्य असं आहे की त्याच्या कागदावरचा स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळा असतो. ऑल्टो आणि टेनर हे त्याचे दोन प्रकार. त्यामुळे ऑल्टोवाल्याच्या कागदावर सहा शार्प, म्हणजे अर्ध्याने चढवलेले स्वर, येतात, टेनरवाल्याच्या कागदावर पाच. ए-फ्लॅट म्हणजे काळी चार घेतली, तर ऑल्टोला फक्त एक फ्लॅट, म्हणजे अर्ध्याने उतरवलेला स्वर, आणि टेनरला दोन; वाजवायला किती तरी सोपं. मग कोणीतरी गोड आवाजात म्हणतं, ‘ताई, अर्धाच स्वर खाली घ्या ना.’ अर्ध्या स्वराने काय होतं म्हणता? ओळीतला सगळ्यात खालचा स्वर आधीच तळाशी टेकलेला असतो. तो आणखी अर्धा उतरला की माइकमध्ये स्वराऐवजी श्वास जातो आणि ड्रमच्या ब्रशखाली शब्द बुडतो. उलट ‘अर्धा वर घ्या’ म्हणाले, तर मधल्या कडव्यातला वरचा स्वर हळुवार म्हणायचा असतो, तिथे ओरडावं लागतं. म्हणून जाणती गायिका हट्ट सोडत नाही. आपल्या पट्टीत लिहिलेले कागद बरोबर आणते, प्रत्येक वादकाला वेगळा. कागद नसेल तर बोटांनी सांगते. बोटं वर म्हणजे पट्टीत तितके शार्प, खाली म्हणजे तितके फ्लॅट. चार बोटं खाली, ए-फ्लॅट. तीन वर, ए. न बोलता, गर्दीच्या आवाजातही समजतं.

मोठ्या बँडच्या काळात, म्हणजे १९३० ते ४५ च्या सुमारास, ही सोय नव्हती. गायिका पुढे खुर्चीवर बसून असायची. बँड त्याच्या पट्टीत एक आवर्तन वाजवायचा, मग चार-आठ बारांत (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) पट्टी वळवून तिच्या पट्टीत यायचा. ती उठून एक आवर्तन गायची, पुन्हा बसायची, की बँड परत आपल्या घरी. तीन मिनिटांच्या तबकडीत तिच्या वाट्याला मिनिटभर. एला याच शाळेतली. नोव्हेंबर १९३४ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये ती हौशी स्पर्धकांत नाचायला म्हणून गेली आणि ऐनवेळी गायली. पुढच्या वर्षी ड्रमवादक चिक वेबच्या बँडमध्ये लागली. १९३९ मध्ये वेब गेला, तेव्हा बँड तिच्या नावाने चालला, १९४२ पर्यंत. विशी-पंचविशीतली बाई आणि पाठीमागे सगळे पुरुष वादक, ही गोष्ट आपण एका वाक्यात उरकतो. ठीक आहे, मीही उरकली.

दुसरी गोष्ट, लय. ती गायिका देते. चुटकी वाजवून. आणि चुटकी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडायला हवी. नवख्या मुली पहिल्या-तिसऱ्यावर वाजवतात. मग ड्रमवाला गोंधळतो आणि गाणं दुप्पट किंवा निम्म्या लयीत सुटतं. चुटकीआधी मनात पहिली ओळ म्हणून बघायची, सगळ्यात दाट शब्द असलेली. ती जिथे स्पष्ट म्हणता येते, ती खरी लय. संथ गाण्यात हिशोब आणखी कडक. बत्तीस बार, दर बारात चार ठोके, म्हणजे १२८ ठोके. मिनिटाला ६० ची लय असेल तर एक आवर्तन दोन मिनिटं आठ सेकंदांचं. पियानोवाल्याला पूर्ण आवर्तन दिलं तर गायिका दोन मिनिटं नुसती उभी, आणि लोक बिलं मागवतात. म्हणून संथ गाण्यात त्याला पहिले सोळाच बार द्यायचे आणि मधल्या कडव्यापासून गायिकेने परत उचलायचं. हे आधी ठरलेलं नसलं की सतराव्या बाराला दोघंही सुरू होतात. किंवा दोघंही थांबतात, ते जास्त वाईट.

शेवटाचं तेच. शेवटची ओळ तीनदा म्हणायची हा रूढ रिवाज. तिसऱ्यांदा म्हणताना मूठ वर गेली की सगळे थांबतात. मूठ नाही गेली तर पियानोवाला चौथ्यांदा वळतो, आणि मग मंडळी अर्धा तास निरोप घेत दारातच उभी. (हशा)

आता बर्लिन. मला ठाऊक आहे, तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे एलाच्या तिथल्या मैफलीची तबकडी आहे. १३ फेब्रुवारी १९६०, डॉइचलांडहाले. भिंत अजून उभी राहायची होती. पियानोवर पॉल स्मिथ, गिटारवर जिम हॉल, बासवर विल्फ्रेड मिडलब्रुक्स, ड्रमवर गस जॉन्सन. एला ‘मॅक द नाइफ’ सुरू करते. हे गाणं मूळ बर्लिनचंच, १९२८ चं, जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकातलं. आणि त्या नाटकाचं मराठी रूप आपल्या घरचं आहे, पु. लं.चं ‘तीन पैशाचा तमाशा’, थिएटर अकॅडमीने १९७८ मध्ये आणलेलं. म्हणजे बर्लिनकरांच्याच गाण्याची अमेरिकन आवृत्ती ती बर्लिनमध्ये गाते आहे. सुरू करण्याआधीच ती सांगते की हे कुठल्या बाईने गायलेलं आपण ऐकलं नाही आणि शब्द आठवतील अशी आशा आहे. आणि काही कडव्यांनंतर शब्द जातात.

यावर ठरलेली प्रतिक्रिया अशी, ‘काय गोड विसरली!’ अहो, विसरायला कुणालाही येतं. का विसरली ते बघा. बहुतेक गाण्यांत चार भाग असतात आणि तिसरा भाग वेगळ्या चालीचा असतो. त्याला ब्रिज म्हणतात. आपण कुठे आहोत हे त्या भागावरून कळतं. या गाण्यात ब्रिजच नाही. सोळा बारांचं एकच कडवं पुन्हा पुन्हा, प्रत्येकात खुनी मॅकचा नवा बळी, नवा तपशील, चाल तीच. पाळण्यातली नावं एकामागून एक म्हणताना एखादं निसटावं, तसं इथे होतं. चाल तीच राहते म्हणून कंटाळा येऊ नये, यासाठी पट्टी अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर चढवत नेतात. जीवरून ए-फ्लॅटवर जायचं असेल, तर पियानोवाला कडव्याच्या शेवटी ई-फ्लॅट सेव्हन्थ ही कॉर्ड वाजवतो, आणि त्या कॉर्डवरून गायिकेने पुढचा षड्ज हवेतून पकडायचा.

म्हणजे शब्द गेले त्या घटकेला एलाला तीन कामं एकदम करायची होती. सोळा बार मनात मोजायचे, नवी पट्टी पकडायची, आणि तोंडाने काहीतरी यमक जुळेल असं म्हणत राहायचं. ती काय करते? शब्द विसरल्याचंच गाणं करते. हे गाणं बॉबी डॅरिनने गायलं, लुई आर्मस्ट्राँगने गायलं आणि आता आम्ही त्याची वाट लावतोय, या अर्थाच्या ओळी चालीत बसवते. मग आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज काढते. आणि कडवं जिथे संपायला हवं तिथेच संपतं. पुढची पट्टी येते, ती त्या पट्टीत हजर. एकही बार कमी नाही, जास्त नाही. तबकडी लावून बोटांवर मोजा, चार चोक सोळा.

मागचे चौघे काय करतात तेही ऐका. काहीच करत नाहीत! त्यातच त्यांचं मोठेपण. नवखा पियानोवाला घाबरून गायिकेच्या मागे धावतो, ती आठव्या बाराला आहे की नवव्या, याचा अंदाज घेत कॉर्ड बदलतो, आणि मग बासवाला एकीकडे, तो दुसरीकडे. इथे स्मिथने कॉर्डची मालिका ढळू दिली नाही. एला चुकीच्या जागी आली असती तर तिला परतायला रस्ता शाबूत होता. ही खात्री एका तालमीत येत नाही, रोज रात्री एकत्र वाजवून येते. त्या गाण्याला आणि तबकडीला, दोन्हींना ग्रॅमी मिळालं. चुकीला ग्रॅमी मिळालं असं म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

(आयोजकांकडून चिठ्ठी.) सात मिनिटं! बरं. कारकीर्द सात मिनिटांत.

बिली हॉलिडे. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून १९६७ पर्यंत, दारू मिळते अशा ठिकाणी गायला-वाजवायला पोलिसांचा परवाना लागे, कॅबरे कार्ड. १९४७ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात तिला शिक्षा झाली आणि कार्ड गेलं. तुरुंगातून सुटल्यावर २७ मार्च १९४८ ला तिने कार्नेगी हॉल भरवला, कारण तिथे दारू विकत नसत आणि कार्ड लागत नसे. म्हणजे कार्नेगी हॉल चालतो, पण कोपऱ्यावरचा क्लब नाही. चरित्रकार इथे अपमानावर थांबतात. खरं नुकसान आणखी एक आहे. क्लबमध्ये एकाच ठिकाणी आठवडेच्या आठवडे, रोज रात्री दोन-तीन बैठकी, तोच संच. तिथेच गाणं मुरतं. आपल्याच शहरात तो रस्ता बंद झाल्यावर गावोगावी फिरायचं आणि कितीदा तरी मिळेल त्या साथीवर भागवायचं. १९५९ मध्ये ती गेली. शेवटची दोनेक वर्षं पियानोवर मॅल वॉल्ड्रन होता. त्या काळात आवाज फाटलेला आहे, पण ओळ कुठे ठेवायची हे जराही चुकत नाही. त्यात वॉल्ड्रनचा वाटा मोजा.

सारा वॉन. १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये गायिका आणि दुसरी पियानोवादक, अशी दोन कामं. कॉर्ड बोटांना ठाऊक असल्यामुळे ती स्वर कुठेही नेऊन परत आणू शकते. कार्मन मॅक्रे हीदेखील पियानो वाजवणारी. शर्ली हॉर्न तर स्वतःच स्वतःची साथीदार. बासवर चार्ल्स एबल्स, ड्रमवर स्टीव्ह विल्यम्स, हे दोघे जवळजवळ पंचवीस वर्षं तिच्याबरोबर. तिच्याइतक्या संथ लयीत गायची इतरांची छाती होत नाही, कारण त्या लयीत ड्रमवाल्याचे हात आपोआप पुढे पळतात. विल्यम्सचे पळत नाहीत. पुढे आजारात तिचा पाय गेला, पियानोचं पेडल दाबता येईना, आणि उतारवयात तिला दुसऱ्याच्या पियानोवर गावं लागलं. गळा शाबूत होता, तरी फरक ऐकू येतो.

आपल्याकडचं एकच सांगतो. लॉर्ना कोर्देरो, आपल्या मुंबईची. ख्रिस पेरीच्या बँडबरोबर तिने कोंकणी गाण्यांत जॅझचा झोका आणला तो आजही गोव्यात लग्नालग्नांत ऐकू येतो. बँड पेरीचा, चाली पेरीच्या. ती साथ सुटली आणि गाणं दोन दशकांहून जास्त थांबलं, ते १९९५ मध्ये गोव्यात परत उभं राहिलं. तेव्हाही गळा होताच की.

आणि बेटी कार्टर, जिच्यासाठी मी खरं तर आलो होतो. मोठ्या कंपन्या तिच्या पद्धतीने तबकडी काढू देईनात, तेव्हा १९६९ मध्ये तिने स्वतःची कंपनी काढली, बेट-कार. वादक घेताना ती मुद्दाम तरुण घ्यायची. जॉन हिक्स, मलग्रू मिलर, बेनी ग्रीन, सायरस चेस्टनट, पियानोवाल्यांची ही यादी बघा, आणि हे सगळे तिच्या हाताखालून गेले. गाण्याच्या मधोमध लय बदलायची आणि हाताच्या इशाऱ्यावर तिघांनी वळायचं. १९७९ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेट अमेरिकन म्युझिक हॉलमध्ये केलेलं ध्वनिमुद्रण मिळवा. हिक्स पियानोवर, कर्टिस लंडी बासवर, केनी वॉशिंग्टन ड्रमवर. त्यात एक तुकडा पंचवीस मिनिटांचा आहे. पहिल्यांदा तिला ऐका. दुसऱ्यांदा फक्त ड्रम ऐका आणि लय बदलण्याच्या आधीच्या दोन बारांत ती काय करते, हे टिपून ठेवा. आयोजक उभे राहिलेत. उरलेलं चहाच्या टेबलाशी, आणि पेटी कुणी आणली असेल तर काळी चार काढून ठेवा.