निळ्या टोपीच्या हातात असतं तरी किती

ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत हे काका सिक्युरिटी सुपरवायझर आहेत, फौजेतून रिटायर झालेत, कांगोत युएनच्या शांतिसेनेच्या मिशनवर होते. कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीतली शांतिसेनेची निळी टोपी काढतात, कडेला घामाचा डाग अजून दिसतो, आणि म्हणतात, "दोन्हीकडे बंदुका नि आम्ही मध्ये उभे, वरून ऑर्डर येईपर्यंत."

आता हे वर म्हणजे कुठे, तर न्यूयॉर्कमध्ये. युएनकडे स्वतःची फौज नाहीच, देश आपापले जवान देतात आणि कशासाठी जायचं, किती जणांनी जायचं हे सुरक्षा परिषद ठरवते. 1994 च्या जानेवारीत रवांडातल्या मिशनचे कमांडर रोमियो डॅलेर यांनी कळवलं होतं की इथे हत्यारं लपवलीत, आम्ही छापा टाकतो. उत्तर आलं, नको. एप्रिलमध्ये तुत्सी जमातीच्या लोकांची कत्तल सुरू झाली, बेल्जियमचे 10 जवान मारले गेले आणि परिषदेने काय केलं, तर 2500 च्या आसपास फौज होती ती 270 वर आणायचा ठराव केला! शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं गेली. आजही हे वाचताना राग येतो, आणि तो जवानांवर नाही येत.

पण ज्याचं घर जळतंय त्याला ठराव-बिराव कुठे दिसतो, त्याला समोरची युएनची पांढरी गाडी दिसते. जुलै 2022 मध्ये पूर्व कांगोतले लोक भडकले, बंडखोर आम्हाला मारतायत आणि तुम्ही इतकी वर्षं इथे करताय काय, तिथल्या बुटेम्बो शहरातल्या युएनच्या तळावर हल्ला झाला, त्यात आपल्या बीएसएफचे दोन जवान गेले. लोकांचा राग खोटा नव्हता, आणि त्या दोघांच्या हातात काही नव्हतं.

डिसेंबर 2013 मध्ये दक्षिण सुदानच्या अकोबोत तर समोर दोन हजारांच्या आसपास हल्लेखोर होते, तळावर आसऱ्याला आलेल्या लोकांसाठी लढताना आपले दोन जवान शहीद झाले. हे आपल्याकडे किती जणांना माहितीये?

त्यात पैशांचं रडगाणं आहेच. मोठे देश वर्गणी थकवतात, म्हणून ऑक्टोबर 2025 मध्ये युएनने साधारण पाव फौज कमी करायचं जाहीर केलं. सगळ्यात जास्त जवान पाठवणाऱ्यांत नेपाळ, बांगलादेश, रवांडा आणि भारत, यातल्या एकालाही परिषदेत कायमची जागा नाही. निदान कुठला तळ बंद करायचा हे ठरवताना तरी यांना विचारायला नको का?