गुरुवार पेठेतलं पंच हौद चर्च: आठ घंटा आणि एक गाजलेला चहा

नमस्कार मंडळी! पुण्यात जुनं चर्च कुठंय विचारलं की लोक कॅम्पचा रस्ता दाखवतात, आणि बरोबरच आहे, तिथलं सेंट मेरीज १८२५ चं, पण ते होतं गोऱ्या पलटणीसाठी. मी आज तुम्हाला नेतोय गुरुवार पेठेत, वाडे, देवळं, दुकानं यांच्या ऐन मध्यात. पवित्र नाम देवालय, १८८५ सालचं, पण तिथल्या पाण्याच्या पाच हौदांवरून सगळे म्हणतात पंच हौद. मराठी माणसांसाठी, मराठी वस्तीत बांधलेलं चर्च आहे हे, म्हणून मला ते इतकं जवळचं वाटतं.

आत लांबट बॅसिलिका पद्धतीचा हॉल, दोन्ही अंगांना खांबांची रांग, त्यामुळे मागच्या माणसाची नजरही सरळ वेदीवर जाते. आता बाहेर या. घंटांचा मनोरा चर्चला चिकटलेला नाहीये, वेगळा उभा आहे बघा! त्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत, देवळातल्यासारख्या टोल मारून वाजवायच्या नाहीत, प्रत्येक घंटा एका चाकाला बांधलेली, खाली दोर, दोर ओढला की ती अख्खी गोल फिरते, आणि आठ माणसं आठ दोर धरून ठरलेल्या क्रमाने वाजवतात, दर फेरीला क्रम बदलत. आठ घंटांचे असे क्रम होतात ४०,३२०! भारतात अशा घंटा अगदी मोजक्या ठिकाणी आहेत.

आणि चहा. १८९० मध्ये इथल्या मिशनने शहरातल्या मंडळींना बोलावलं, टिळक, रानडे, गोखले सगळे आले, चहा-बिस्किटं पुढे आली, नंतर गोपाळराव जोशींनी (डॉ. आनंदीबाईंचे पती) नावं पेपरात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य पेटलं, म्हणजे ख्रिस्ती लोकांकडे खाल्लं-प्यालं म्हणून जातीबाहेर टाकायचा वाद, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपासाठी! शेजाऱ्याकडे चहा घेणं केवढं अवघड होतं तेव्हा, विचार करा.

पण येणंजाणं त्याच्याही आधीपासून होतं. पंडिता रमाबाईंची ओळख इथल्याच सिस्टर्सशी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींशी, झाली आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. सिस्टर्सनी मुलींसाठी शाळा काढली. १९७० पासून हे देवालय ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या प्रोटेस्टंट चर्चच्या एकत्रित संघटनेत आहे आणि उपासना मराठीत चालते. रविवारी जा, पण व्हिडिओ काढायच्या आधी पाळकसाहेबांना विचारा, लोक प्रार्थनेला बसलेले असतात.