काट्यावरचा सेल

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात मोहोळ तालुक्यातले एक काका माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात आले. त्या आठवड्यात त्यांच्याकडे शेतीची लाइट रात्रीची होती. म्हणजे मोटार चालू करायला आणि दारं धरायला बारा वाजता उसात जायचं. डोक्याला बांधायची बॅटरी त्यांनी काउंटरवर ठेवली. म्हणाले, "का ओ मालक, परवाच नवीन सेल टाकलंय, अर्धा तास बी चालंना. फडात मधीच अंधार झाला. हाताला लागंल त्या उसाला धरत बांधावर आलो."

सेल काढून पाहिला. जांभळ्या रंगाचा, चकचकीत, त्यावर ठळक अक्षरात ९८०० एमएएच. किंमत विचारली तर साठ रुपये. माझ्याकडे एक छोटा वजनकाटा असतो, त्यावर ठेवला. २९ ग्रॅम. शेजारी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला, त्याच मापाचा सेल ठेवला. ४५ ग्रॅम. काका काट्याकडे बघत राहिले. पुढे तो सेल पूर्ण चार्ज करून मशिनवर मोजला, तर ६१० एमएएच भरला. लिहिले होते ९८००.

या लिथियम सेलला बाजारात १८६५० म्हणतात. हा आकडा म्हणजे त्याचं माप आहे. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल. एमएएच म्हणजे त्यात वीज किती मावते ते. आज नावाजलेल्या कारखान्यांचे चांगल्यातले चांगले १८६५० सेल ३५०० एमएएचच्या आसपास येऊन थांबतात. तांब्यात घागरभर पाणी मावत नाही, तशी या मापात ९८०० एमएएच वीज मावत नाही. त्यामुळे या सेलवर ५०००, ६८००, ९९०० असा आकडा दिसला, तर तपासत बसू नका. तिथेच खाली ठेवा. अस्सल सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, कारण आत तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या रसायनाचा लेप देऊन घट्ट गुंडाळलेल्या असतात. नकली सेलात हा माल कमी असतो. काहींत तर मोठ्या नळकांड्यात एक लहान सेल बसवून उरलेल्या जागेत भुकटी भरलेली असते.

दुसरी फसवणूक वजनावर पकडता येत नाही. एका सेलचं वरचं प्लास्टिक मी ब्लेडने अलगद सोलून पाहिलं. खाली दोन्ही टोकांना बारीक बारीक टिपके होते, खरवडल्यासारखे. सेल पॅकमध्ये जोडताना निकेलची पट्टी वेल्डिंगने चिकटवतात, ती उपटून काढल्याच्या त्या खुणा. म्हणजे हा कुठल्या तरी लॅपटॉपमध्ये आयुष्य काढून भंगारात गेलेला सेल होता आणि त्याला नवं कातडं चढवलं होतं. असा सेल वजनाला पुरा भरतो. पण त्याचा आतला रोध, म्हणजे वीज वाहताना होणारा अडथळा, वाढलेला असतो. चार्ज लवकर झाल्यासारखा दिसतो, हातात धरला तर गरम लागतो आणि जोराचा प्रकाश मागितला की बसतो.

श्रोतेहो, ही नुसती साठ रुपयांची गोष्ट असती तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. लिथियम सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर थांबायलाच हवा. चांगला चार्जर तिथे तोडतो, चांगल्या पॅकमध्ये संरक्षणाचं सर्किट असतं. स्वस्त सेलात ते नसतं आणि त्याच्याबरोबर मिळणाऱ्या चार्जरचाही भरवसा नसतो. आत दोन पट्ट्यांमध्ये प्लास्टिकचा एक अगदी पातळ पडदा असतो. उष्णता १३० अंशांच्या आसपास गेली की तो वितळू लागतो, पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि आतलं ज्वलनशील द्रव पेट घेतं. मग तो सेल स्वतःच स्वतःला तापवत जातो.

आता आपलं सोलापूर पाहा. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोल्या तर संध्याकाळपर्यंत तापलेल्याच असतात. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, असं कारखानेच सांगतात. आणि आपण काय करतो? पत्र्याखाली, गादीवर, चादरींच्या गठ्ठ्याशेजारी चार्जिंगला लावून झोपतो. जिथे घरातच माग आहे आणि सूत पडलेलं आहे, तिथे तर मला हे ऐकूनच धडकी भरते.

हे मी वरून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून मी असेच पन्नास सेल घेतले होते. लेबल बघितलं, भाव बघितला आणि विकले. त्यातला एक सेल एका घरी चार्जिंगला लावलेला असताना तडकला, स्टुलाचा रेक्झिन जळाला. कुणाला इजा झाली नाही. उरलेले सगळे मी परत मागवले, पैसे दिले. वजनकाटा त्यानंतर आणला.

मोठ्या कंपन्या हे सुटे सेल गिऱ्हाइकाला विकण्यासाठी बनवत नाहीत, ते पॅक करणाऱ्या कारखान्यांना देतात. म्हणून मोठ्या ब्रँडचं नाव असलेला सुटा सेल साठ रुपयांत मिळाला, की ते नावच संशयाचं समजा. त्यापेक्षा बॅटरी, पॉवर बँक वॉरंटीसकट आणि पक्क्या बिलावर घ्या. बॅटरीवर आय.एस. १६०४६ हा मानकाचा आकडा आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकून बघा. नंबर चोरूनही छापतात, म्हणून समोर येणारं कंपनीचं नाव आणि वस्तू जुळते का, तेही बघा.

आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मुलांना खेळणी घेतली की चार्जिंगचे पेन्सिल सेल लागतात. ते वेगळे असतात, १.२ व्होल्टचे. चांगला पेन्सिल सेल २००० ते २७०० एमएएचचा असतो. ४५०० लिहिलं असेल तर घेऊ नका.

घरात फुगलेला किंवा गळणारा सेल असेल, तर तो पुन्हा चार्जिंगला लावू नका, खिळ्याने टोचून बघू नका. चार्जिंगला लावलेला सेल धूर सोडू लागला, तर जमल्यास मेन स्विच बंद करा आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. तो धूर विषारी असतो. १०१ नंबरला फोन करा. आणि जुने सेल घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चेपला की तिथेच आग लागू शकते, आणि ती गाडी चालवणारी आपलीच माणसं असतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या डब्यात लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा आणि ई-कचरा गोळा करतात तिथे द्या. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर आहे. म्हणून नवी घेताना दुकानदाराला विचारा, जुनी परत घेणार का?

नमस्कार.